वैशालीबाईंचे दोन फासे

वैशालीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे अडकले होते. डोळ्यांत धूळ गेली, असं सोबतच्यांना सांगितलं... महिना उलटला, अजून खरं वाटत नाही.

आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. गणिताशी माझं हाडवैर, म्हणून त्या मला मुद्दाम आपल्या वर्गात ओढून न्यायच्या. आलापल्लीच्या सुताराकडून त्यांनी सागाचे दोन फासे करून आणले होते. दोन्ही टाकले तर बेरीज सात येणं सोपं की बारा, असं त्यांनी एकदा विचारलं. "सात. पण ती तीनच प्रकारे येते. एक-सहा, दोन-पाच, तीन-चार," मुलांच्या आधी मीच छातीठोकपणे सांगून बसले. बाईंनी एक फासा निळा रंगवला. "आता पाहा. निळ्यावर तीन, साध्यावर चार. मंग निळ्यावर चार, साध्यावर तीन. हे एकच हाय का? छत्तीस जोड्या होते. त्यात साताच्या सहा, बाराची एकच. मराठीवाल्या बाई, समजून राह्यलं ना?" वर्ग खो खो हसला, मीही हसले.

पुढे त्यांच्या छातीत गाठ निघाली. त्यांची आई आणि मोठी बहीण याच आजारानं गेल्या होत्या. मी धीर द्यायला गेले. "दोघी गेल्या ना बाई, आता तिसऱ्यांदा नाई होणार असं."

त्या पडल्या पडल्या हसल्या. "अवो, फाशाले मागचं काई याद नाई रायत. पण या रोगाले आमचं घर मालूम हाय."

त्यांना स्वतःची काळजी नव्हती, प्रणालीची होती. ही त्यांची एकुलती एक मुलगी. 'जे व्हायचं ते होईन' म्हणत ती तपासणी टाळत होती. "तिले तयार करा तुमी," बाई म्हणाल्या. "लवकर दिसलं तं वाचते माणूस. मले उशीर झाला." माझ्याकडे त्यांनी कधी काही मागितलं असेल तर एवढंच.

बाई गेल्यावर मी प्रणालीच्या मागेच लागले. ती चिडली, बरेच दिवस बोलली नाही. अखेर मागच्या आठवड्यात नागपूरला गेली, एकटीच. काल मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. "मावशी, रिपोर्ट चांगला आला. पण दरसाल तपासा लागन म्हणते डॉक्टर. जाईन मी."

फोन ठेवला आणि ही बातमी सांगायला मी खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळले, रोजच्यासारखी... तिथं बाईंच्या जागी आलेले नवे सर डबा खात होते. "रिपोर्ट चांगला आला," मी त्यांनाच सांगितलं. कुणाचा, ते त्यांना कळलं नाही. तरी "बरं झालं बाई," म्हणाले, आणि मला रडू आवरेना.