अब्बांच्या गाडीतलं गाणं

आमचे अब्बा लोणावळ्यात पर्यटकांची गाडी चालवतात. कुणाला खंडाळ्याचे पॉइंट दाखवायचे, कुणाला शिरगावच्या साईमंदिरात न्यायचं, कुणाला मळवलीच्या फार्महाऊसवर सोडायचं, अशी त्यांची दिवसभर ये-जा. मी तेव्हा घरी बसून, व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकत होते. शिकवणाऱ्याने सांगितलं म्हणून हवामानाचं एक पान बनवलं, कामांच्या यादीचं एक बनवलं. घरात कुणी ढुंकून पाहिलं नाही.

अम्मीचा रोजचा एकच प्रश्न असायचा, "कुठवर पोचले असतील गं तुझे अब्बा?" गाडी चालवताना ते फोन उचलत नाहीत. पण त्याच फोनवर गाणी मात्र अखंड चालू असतात. एकदा भांडी पुसताना माझ्या मनात आलं, अब्बा आत्ता काय ऐकतायत हे त्या गाण्यांच्या ॲपला माहीत असणारच. ती माहिती मला मिळाली तर?

मिळते! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठलेच. त्या ॲपच्या कंपनीच्या साइटवर आपल्या पानाची नोंद करायची, मग ते अक्षर-आकड्यांच्या दोन लांबलचक किल्ल्या देतात, एक उघड आणि एक गुपित. परवानगी मिळाल्यावर माणसाला कुठल्या पत्त्यावर परत पाठवायचं तेही सांगायचं. मी सांगितलं, आणि तीन दिवस चूक दाखवणारी नुसती लाल अक्षरं बघत बसले. चौथ्या दिवशी कळलं, एका ठिकाणी पत्त्याच्या शेवटी मी एक तिरकी रेघ जास्तीची दिली होती. एवढीशी रेघ! ती खोडली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग अब्बांची परवानगी घ्यायची होती. सकाळचा चहा घेता घेता त्यांनी फोनवरचं वाचलं. "तुम्ही काय ऐकता ते बघू द्यायचं का, असं विचारतंय. कोण विचारतंय हे?"

"मीच."

"मग तोंडाने विचार की."

दाबलं त्यांनी एकदाचं. ते बाहेर पडले, आणि थोड्याच वेळात माझ्या पानावर एका कव्वालीचं नाव उमटलं. खाली एक हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मी "अम्मी!" म्हणून अशी ओरडले की ती हातात लाटणं घेऊनच आली.

"हे आत्ता वाजतंय? त्यांच्या गाडीत?"

"आत्ता."

ती पट्टीकडे बघतच राहिली. तव्यावरची चपाती करपली.

त्या दिवसापासून जुना टॅब्लेट ओट्यावर, मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला गेला. आठवड्याभरात अम्मी त्यात तरबेज झाली. पट्टी अडकली की म्हणायची, "बोगद्यात शिरले." मुलांची गाणी लागली की, "लहान पोरं बसलीत गाडीत." फक्त दर तासाने पान मरायचं, कारण परवानगी तासाभराचीच असते आणि ती नवी करून घ्यावी लागते, हे मी पुढच्या धड्यात शिकले. तोवर अम्मीने दोनदा घाबरून अब्बांना फोन केला होता आणि दोन्ही वेळा ते घरी आल्यावर बोलणी खाल्ली होती.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला पुढचा धडा दिसला. आपल्या पानावरून त्यांच्या फोनवरचं गाणं बदलताही येतं! त्याची परवानगी वेगळी घ्यायची. अब्बांना तीही विचारली. ते पेपर वाचत होते. "हो म्हणतो मी, तू दाब," म्हणाले. मी काय विचारलं ते त्यांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मळवलीहून भाजीवाली मावशी आली. अम्मीची जुनी मैत्रीण. भाजी कमी आणि गप्पा जास्त. अम्मीने तिला टॅब्लेट दाखवला.

"ह्ये कुटं वाजतंय?"

"यांच्या गाडीत. खंडाळ्याकडे गेलेत."

"आन् हितनं बदलता येतं?"

"येतं म्हणते ही."

मावशीने पदराला बोट पुसलं. "माज्या वरातीत बँडवाल्यानं वाजिवलेलं गाणं हाय. त्ये लाव."

तिने दोन ओळी गुणगुणल्या, मी गाणं शोधलं, आणि बटण तिनेच दाबलं. कव्वाली गेली, वरात आली. काही क्षणांत पुन्हा कव्वाली. अब्बांनी बदललं होतं! मावशीने परत दाबलं. परत कव्वाली. मावशीने तिसऱ्यांदा दाबलं. आम्ही तिघी एकमेकींना धरून हसत होतो.

इतक्यात अब्बांचा फोन. गाडी बाजूला घेऊन केला होता. "बेटा, फोनला काहीतरी झालंय. गाणी आपोआप बदलतायत. पॅसेंजर बसलेत माझे."

मी कबूल करणार, तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, "अहो ड्रायव्हरभाऊ, राहू द्या ना ते! आमच्या वरातीतलं गाणं आहे!"

मग एका पुरुषाचा, "तू कुठे नाचली होतीस?"

"नवरीला नाचू देतात का कधी?"

अब्बांनी नंतर सांगितलं, पुण्याहून आलेलं ते वयस्कर जोडपं स्टेशनवरून गाडीत बसल्यापासून एकमेकांशी एक शब्द बोललं नव्हतं. दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होते. आता दोघं एकदम बोलत होते. मी फोनवर सगळं सांगून टाकलं. तेव्हा अब्बा त्या दोघांना म्हणाले, "माझ्या मुलीने बनवलंय. ती घरून गाणी लावतेय." आवाजात इतका रुबाब होता की मला रडूच आलं, आणि मावशीने मला एक धपाटा घातला, "रडतीस काय, पुडचं लाव!"

मग त्या बाईंनी आपल्या फोनवरून आम्हाला फोन लावून स्पीकरवर ठेवला, आणि अब्बांच्या फोनवर गाणी चालू राहिली. तिकडून फर्माइशी, इकडून गाणी. अम्मी मध्येच घसा साफ करून निवेदन करायला लागली, "आणि आता ऐकू या…" मी तिला कधी असं पाहिलं नव्हतं. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "पॉइंट राहू द्या. आम्हाला तुमच्या घरी न्या."

आणि ते खरंच आले! अब्बांनी गल्लीत गाडी लावली, चारही दारं उघडी टाकली. मावशीने ओट्यावरून वरातीचं गाणं लावलं आणि पळत बाहेर आली. त्या बाईंनी पर्स अम्मीच्या हातात दिली आणि नाचायला लागल्या. त्यांचे यजमान आधी कमरेवर हात ठेवून नुसते डोलले, मग तेही नाचात उतरले. शेजारच्या भिंतींवरून डोकी वर आली. मावशी म्हणत होती, "माजी तर वरात परत निघाली गं!" अब्बा नाचत नाहीत. ते बॉनेटवर ठेका धरून उभे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "मुलीने बनवलंय. इंटरनेटवरून."

त्या दोघांची पुण्याची गाडी चुकली. पुढच्या गाडीपर्यंत आमच्याकडे चहा, भजी आणि भांडणं झाली. पण ती भांडणं हसत हसत, कोण वरातीत उशिरा आलं यावरची. निघताना त्या दोघांतल्या काकांनी हळूच विचारलं, "आमचंही नाव घालता येईल का यात?"

येत होतं. नवशिक्यांच्या पानाला मोजकीच माणसं जोडता येतात, तीही हाताने नावं घालून. माझ्या यादीत एकटे अब्बा होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पुण्यातून दोन्ही परवानग्या दिल्या, आणि अब्बांच्या पट्टीखाली आणखी एक हिरवी पट्टी सरकायला लागली. तिकडे सनई वाजत होती.

"उठले गं ते!" अम्मी ओरडली, आणि वरातीचं गाणं लावायला पिठाच्या हातानेच बटणाकडे धावली.