आईच्या कुकरच्या तीन शिट्ट्या

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. रत्नागिरीकडचा असूनही! गावी कुणी देवचाराची गोष्ट काढली की मी तोंडावर चादर ओढून घेतो, पण ते डासांमुळे... असो.

आम्ही जेसल पार्कला दुसऱ्या मजल्यावर राहतो. मी, बायको सुजाता आणि धाकटा भाऊ नितीन. हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका युनिटमध्ये कामावर असताना त्याच्या पाठीला मार बसला, आणि तेव्हा सुरू झालेल्या दुखण्याच्या गोळ्या काही सुटेनात. नोकरी गेली. शेवटी डॉक्टरांनी व्यसन सोडवायची वेगळी गोळी दिली – रोज एक, ठरल्या वेळी, घरच्यांच्या हातून. "परत बाहेरून घ्यायला लागला तर जिवावर बेतेल," असंही बजावलं.

घरचे म्हणजे मी. आणि मी स्वतःला फार हुशार समजतो. म्हटलं, वेळच ठरवली नाही तर सवय लागेल कशी? त्यामुळे कधी सकाळी, कधी संध्याकाळी, एखाद्या दिवशी दांडी. गोळ्यांचं पाकीट आज तांदळात, उद्या माझ्या बुटात. नितीन दिवसभर घर उपसत बसायचा. बुटातलं सापडलं त्या दिवशी तीन एकदम घेतल्या. दोन दिवस हॉस्पिटल.

"अहो, तो भाऊ आहे की उंदीर?" सुजाता कडाडली. "लपवाछपवी बंद करा!"

मी कसला ऐकतोय. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी सकाळी नितीन चपला घालून दारात उभा.

"दादा, देतोयस की जाऊ बाहेर?"

"बघू..." मी म्हणालो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी. तिसरी. घड्याळात सव्वाआठ.

सुजाता माझ्या शेजारीच उभी. गॅस बंद. ओट्यावर फक्त चहाचं भांडं.

आई होती तेव्हा रोज सव्वाआठला तिसरी शिट्टी व्हायची आणि ती नितीनचा डबा भरायला घ्यायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तिचा कुकर माळ्यावर पडलाय, रबरसुद्धा नाही त्याला.

नितीनने चपला काढल्या. खुर्चीत बसून हात पुढे केला. मी गोळी काढून दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सव्वाआठ, पुन्हा तीन. मग रोजच! वरच्या मजल्यावरची गुजराती भाभी जिन्यात म्हणाली, "भाईसाब, आपका कुकर तो घड़ी है. उसी पे बेटी को स्कूल भेजती हूँ." म्हणजे भास म्हणावा तर तिलाही होत होता.

घर उपसणं थांबलं. डॉक्टरांना मी सव्वाआठचं सांगितलं – शिट्ट्या गाळून. ते म्हणाले, "कधी मिळेल ते माहीत नसलं की डोकं दिवसभर तिथेच अडकतं. वेळ पक्की झाली की उरलेला दिवस त्याचा." मी खाली बघून बूट घातले.

गोळी अर्धी झाली. गेल्या महिन्यात नितीन नव्या कामावर रुजू झाला, सुजाताने डबा भरून हातात दिला... आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्ट्या बंद. भाभीच्या मुलीला शाळेत उशीर होतोय.

पाइप, शेजारी, सगळं तपासून झालं. काही जुळत नाही. सुजाता म्हणते, आईच्या कुकरला नवीन रबर आणू या. मी म्हटलं, राहू दे. त्याने रबर नसताना जे केलं, ते मला डोकं असून जमलं नव्हतं.