टँकरच्या रांगेत आत्याचं गाणं

मंडळी, दोन तासांपूर्वी घडलेलं सांगते. मी सुट्टीत मुखेडजवळच्या आमच्या गावी आले आहे. दुष्काळामुळे इथं दोन दिवसांआड पाण्याचा टँकर येतो.

आज टँकर आला आणि रांगेत भांडण पेटलं. शेतकऱ्याच्या घरची सावित्राबाई आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांना म्हणाली, "तुम्ही मागं सरका. आधी आमचं होऊ द्या." आवाज चढले.

माझी गयाआत्या सत्तरीची. जयंतीत, रानात खुरपताना, जन्मभर भीमगीतं गायलेली. ती भांडली नाही. तिनं रिकामी घागर पालथी घातली, तिच्यावर ठेका धरला आणि तळ्याचं पाणी सगळ्यांसाठी खुलं करणाऱ्या सत्याग्रहाचं गाणं सुरू केलं.

वस्तीतल्या बायकांनी धृपद उचललं. दुसऱ्या कडव्याला बघते तर सावित्राबाईचेही ओठ हलत होते.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला येतं हे?"

"येतंय की. तुझी आत्या आमच्याच रानात खुरपायला यायची. ऐकून ऐकून पाठ झालं. घरी भाकरी थापताना बी गुणगुणते मी."

मग खाली बघत तिनं स्वतःची घागर बाजूला घेतली. "गयाबाई, तू भर आधी."

"संगंच भरू," आत्या म्हणाली. "पाणी लई हाय आज."

सावित्राबाईनं आमच्या घरी कधी चहासुद्धा घेतलेला नाही. आत्याचं गाणं मात्र इतकी वर्षं तिच्या घरात होतं.

तुमच्या गावात असं कोणतं गाणं आहे, जे माणसांच्या आधी उंबरा ओलांडून गेलं?