साहेबांच्या नावाची काडी

मोहोळजवळच्या आमच्या शाळेच्या आवारात मुरूम इतका कडक, की खड्डा घ्यायचा तर पहारही वाकते. म्हणून दरवर्षीचं वृक्षारोपण त्याच एका तयार खड्ड्यात व्हायचं. रोप लावायचं, फोटो काढायचा, रोप वाळायचं, की पुढच्या वर्षी खड्डा मोकळा.

त्या वर्षी मात्र तो मोकळा नव्हता. माझ्या पाचवीच्या वर्गातल्या एका मुलीनं दुधाच्या पिशवीत लिंबोळी रुजवून ते रोप तिथं लावलं होतं. खिचडी खाऊन ताटली धुतली की पाणी त्याच्या बुडाशी. उन्हाळ्याच्या सुट्टीतही ती कळशी घेऊन यायची. रोप तिच्या कमरेला लागलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी शाळा समितीच्या अध्यक्षांनी ते उपटून कुंपणाबाहेर फेकलं. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी तिथं गुलमोहर लावला आणि मीही टाळ्या वाजवल्या.

“बाई, माजं झाड कुटं गेलं?” तिनं विचारलं. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते. अध्यक्षांवर मात्र मी त्याच दिवशी दात धरला.

गुलमोहर पंधरा दिवसांत वाळला. मी तो काढू दिला नाही. शेजारी साहेबांच्या नावाची पाटी होती, ती मुलांकडून पुसून लख्ख ठेवली. अध्यक्ष म्हणायचे, “बाई, ती काडी काढा की आता.”

“साहेबांचं झाड मी कशी उपटू?” मी म्हणायचे.

पुढच्या वर्षी तेच साहेब आले. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हारतुरे झाल्यावर मी माईकवर जाहीर केलं, “आता साहेब आपल्या झाडाला पाणी घालतील.” मुलं वाजतगाजत त्यांना घेऊन गेली. काडीपुढं साहेब थांबले, पाटी वाचली आणि अध्यक्षांकडे वळले. अध्यक्षांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मला इतका आनंद झाला, की संध्याकाळी घरी शिरा केला.

ती मुलगी मात्र हसली नाही. हातात दुधाची पिशवी आणि त्यात कडुलिंबाचं नवं रोप घेऊन ती पुढं आली. तिनं काडी उपटली.

“साहेब, जरा सरका की.”

साहेब सरकले.

ती आता सोलापुरात कॉलेजला आहे. लिंब शाळेच्या पत्र्याच्या वर गेलाय. अध्यक्ष येतात आणि नेमकी त्याच सावलीत मोटारसायकल लावतात. दर वेळी मी शिकवणं थांबवून बाहेर येते आणि त्यांना ती उन्हात लावायला सांगते.