बिबळ्याकडे दादासाठी मागायला गेले

आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या साखरेवर औषध म्हणून रात्री लाकडी पेल्यात पाणी भरून ठेवायचं काम माझं होतं. औरंगपुऱ्यातल्या घरी, खिडकीजवळ. सकाळी ते पाणी चहाच्या रंगाचं झालेलं असे, पण उन्हात धरलं की कडेला निळं दिसे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी पाण्याला रंग नसतो असं शिकवलं होतं. कॉलेजात जाणारा दादा मुद्दाम पेला माझ्या नाकासमोर धरायचा. "विचार तुझ्या सिस्टरला, हा कुठला रंग?" मग अण्णा पेला काढून घेत, पाणी पिऊन टाकत आणि वाद मिटे.

तो पेला बिबळ्याच्या, म्हणजे विजयसाराच्या लाकडाचा. अण्णांमागे तो तडकला. आता दादालाही साखर आहे. गोळ्या चालू आहेत (वाचणाऱ्यांनीही आपल्या बंद करू नयेत), पण या थंडीत त्याने हट्टच धरला, त्याच झाडाचा पेला हवा. बाजारातला दाखवला तर म्हणाला, "हा कुठल्या झाडाचा, कोण सांगणार?" झाड कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या डोंगराखाली, अण्णांच्या मित्राच्या शेतात. शेत आता त्यांचे चिरंजीव रावसाहेब बघतात. फोन केला आणि निघालो.

मध्यवर्ती बसस्थानकावरून कन्नडची एसटी सहज मिळते. मला महिलांचं अर्धं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या दादाला फुकट. "दोघं मिळून अर्ध्या माणसाच्या खर्चात चाललोय," त्याने कंडक्टरला ऐकवलं. दौलताबादच्या वेशीत गाड्या अडकल्या, तेवढ्यात खिडकीतून पेरू घेतले. कन्नडहून पुढे रिक्षा ठरवावी लागते. परतीचंही तेव्हाच बोलून ठेवा.

बांधावरचं ते झाड लांबूनच दिसलं. सरळ, उंच, राखाडी सालीचं, आणि फांद्यांना पापडासारख्या गोल चपट्या शेंगांचे घोस. रावसाहेबांच्या घराची चौकट याच जातीच्या लाकडाची. आजोबांच्या काळापासून वाळवी शिवलेली नाही. झाड फुलतं तेव्हा बांध पिवळा होतो, असं त्यांची सून सविता सांगत होती. मी मान वर करून किती वेळ उभी होते, कोण जाणे.

"चला, बघू या फांदी," दादा म्हणाला.

"आज नाय, दादा," रावसाहेब म्हणाले. "औषधाला न्यायचं तर आदल्या दिशी त्याला सांगावं लागतं. आन् ज्याला घ्यायचंय त्यानं मागायचं नाय. ताई मागतील."

"एवढ्या मोठ्यानं बोलतेय ती, झाडानं ऐकलंच असेल की."

"ऐकलं असंल. पण सांगितलं नाय अजून."

म्हणून मुक्काम. दिवस मावळताना मी बुंध्याशी हळद-तांदूळ ठेवले, हात जोडले आणि म्हटलं, "उद्या औषधाला येणार आहे, राग मानू नकोस." सविता हसायला लागली. माझी बोटं शाळेच्या प्रार्थनेसारखी एकमेकांत गुंतली होती. "चालतंय मावशी, त्याला समदं कळतं," ती म्हणाली.

सकाळी रावसाहेबांनी वाळलेली फांदी उतरवली. मनगटाएवढी, आत तांबूस गाभा जेमतेम अंगठ्याएवढा. पेला त्या गाभ्याचाच होतो. अण्णांच्या वेळी वादळात मोठी फांदी आपोआप पडली होती, तिचा झाला. आता तेवढी जाड एकच होती, आणि ती हिरवीगार.

"ताई, मागणाऱ्या तुमी. म्हणाल तर तोडतो," कुऱ्हाड हातात घेऊन ते म्हणाले.

 दादा नुसता त्या फांदीकडे बघत राहिला. खाली बुंध्यावर कधीचा तरी घाव होता, त्यातून लाल डिंक ओघळून रक्तासारखा गोठलेला. मी म्हटलं, "नको."

दादाने हुरडा मान खाली घालून खाल्ला. निघताना वाळल्या गाभ्याच्या ढलप्या आणि शेंगा पिशवीत घालत सविता मला हळूच म्हणाली, "बरं झालं मावशी. मामांना बी साखर निघालीय. लई दिवस वाट बघतोत आमी, फांदी पडायची."

रावसाहेबांनी स्वतःसाठी जी फांदी तोडली नव्हती, ती ते आमच्यासाठी तोडायला निघाले होते.

बसमध्ये मी हे दादाला सांगितलं. वेरूळ मागे पडलं. मग तो म्हणाला, "मागायचं माझ्याकडे असतं ना, तर मी हो म्हणालो असतो."

घरी येऊन आठवडा झाला. जंगलातल्या झाडाचं पानही तोडू नका. बांधावरचं असेल तरी मालकाला विचारा, आणि झाडालाही. ती गोठलेली लाल धार अजून डोळ्यांपुढे येते, आणि तिच्यावर उभं ते डौलदार झाड.

आमच्या घरचेही हे वाचतात, म्हणून इथेच लिहून ठेवते. ढलप्या दादाकडे; पाण्यात टाकल्या तरी रंग उतरतो. शेंगा करमाडच्या भाच्याला, त्याच्या बांधावर जागा आहे. ती जाड फांदी कधी वाऱ्याने पडली, तर पहिला पेला रावसाहेबांचा. दादाचा दुसरा. एकच निघाला, तर तो सविताच्या हातात द्या. सासऱ्यांसाठी तिलाच मागावं लागणार आहे.