मामंजींची मोटार आणि पापडखार
लग्न होऊन मी अकोल्याहून शेंदूरजनाघाटला आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नागपूरहून एक जुनी मोटार आणली. संत्र्याचा बहार चांगला आला होता. मामंजींचा आवाज असा, की बागेच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा गडी दचके. त्यांच्यासमोर मी दाराआड उभी राही. मला काही सांगायचं असलं, तर ते सासूबाईंना सांगत.

अमरावतीला मोठ्या वन्संच्या मुलीचं बारसं होतं. सकाळीच आम्ही नटूनथटून अंगणात आलो. ह्यांनी स्टार्टरचं बटन पायाने दाबलं. नुसतंच टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. मामंजींनी पुढून हँडल घातलं, तेही तसूभर हलेना.

"इंजिन धरलं, जाम झालं," मामंजी म्हणाले. "छकडा जुंपा. वरूडले जाऊन अमरावतीची सर्व्हिसची मोटर पकडू."

सासूबाईंचा चेहरा उतरला. नातीचं बारसं दुपारीच होतं.

मोटारीबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्याशेजारी ठेवून दिलेलं. मी मॅट्रिक झालेली, आणि घरात दुसरं वाचायला काही नव्हतं, म्हणून दुपारी सगळे लवंडले की मी ते वाचत असे. धीर करून सासूबाईंच्या कानाशी लागले, "दिवे लावून बटन दाबायला सांगा."

दिवे लावले. बटन दाबताच ते काजव्याएवढे झाले. "मग बॅटरीच्या तारा बघायला सांगा," मी कुजबुजले. पायाखालची फळी काढली, तर तारांच्या टोकांवर बुरशीसारखी हिरवट-पांढरी खर साचलेली. मी चुलीवरचं गरम पाणी आणलं आणि त्यात पापडखार कालवला.

"अवो, पापडाले ठेवला होता मी तो!" सासूबाई ओरडल्या. तोवर ह्यांनी तो ओतला होता. खर फसफसून वाहून गेली. टोकं खरवडून घट्ट बसवली. दिवे लख्ख झाले, पण बटन दाबलं की पुन्हा टक्.

मी सासूबाईंच्या कानाकडे वळले, तेवढ्यात मामंजी गरजले, "तिलेच सांगू दे ना! तू काहून मंधात डाकवाली होऊन राहिली?"

मी पदर सावरला. आणि थेट बोलले, "मामंजी, स्टार्टरचा दात इंजिनाच्या चाकात अडकला असेल. म्हणून हँडलही फिरत नाही. चावी बंद करून मोटार वरच्या गिअरात घालायची, आन् मागं-पुढं हलवायची."

मामंजींनी धोतराचा काचा मारला. दोन गडी, ते, आणि जरीच्या लुगड्यातल्या सासूबाईसुद्धा मोटारीला भिडल्या. मागे, पुढे, मागे. तिसऱ्या हिसक्याला आतून खट् आवाज आला. ह्यांनी गिअर सोडून, चावी लावून बटन दाबलं, आणि इंजिन असं धडधडलं की कोंबड्या कुंपणापल्याड उडाल्या.

मामंजी हात पुसत म्हणाले, "सूनबाई, पुढं बस. पुस्तक घे संगं."

वाटभर ते मागून विचारत राहिले, "आन् ब्रेकचं काय लिवलं हाय?" मी वाचून मराठीत सांगत होते. अमरावतीला पोचलो तेव्हा नाव ठेवून झालं होतं, पण घुगऱ्या शिल्लक होत्या. त्या खाता खाता मामंजींनी व्याह्यांना सगळी हकीकत सांगितली, टक् आणि खट् आवाज काढून.