गेनानाथाच्या किंगरीमागे धारूरपर्यंत

सुगी आटोपली की नाथपंथी गाणारा गेनानाथ आपलं तारेचं वाद्य, किंगरी, घेऊन आमच्या आष्टीकडच्या गावात यायचा आणि मारुतीच्या देवळात गायचा. ना जमीन, ना इनाम, ना कुणाची चाकरी. तरी याची चूल कशी पेटते, याचं मला नेहमी कुतूहल वाटे. या चैत्रात विचारलंच, "नाथबाबा, तुमच्यासंगं फिरू का?"

"चला की. पर धान्याची झोळी तुमी उचलायची," तो हसला.

मारुतीला नारळ ठेवून निघालो. नांदूरघाटपर्यंत बैलगाडी मिळते, पुढं पायीच बरं. नगरकडून येणाऱ्यांनी निजामाचे हाली रुपये जवळ ठेवावेत. इंग्रजी नाणं दुकानदार उलटसुलट करून परत देतात. भाकरी-ठेचा गावोगाव मिळतो, पाणी मात्र दिसेल तिथं भरून घ्यावं.

नांदूरघाटला सोनाबाई नावाच्या विधवेनं ओसरीवर घोंगडी आधीच अंथरली होती.

"लई उशीर केलास रे नाथा."

"मावशे, तुजं गाणं कुठं पळून जातंय?"

तिच्या नवऱ्यानं विहीर खणली, त्याचं ते गाणं. म्हातारी डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिनं झोळीत सुपानं ज्वारी ओतली.

बाहेर आल्यावर गेनानाथानं उलगडा केला. देवळातलं गाणं सगळ्यांचं. पण काही घरं त्याला आपली हकीकत सांगतात, तो त्यावर गाणं बांधतो, आणि ते फक्त त्याच अंगणात म्हणतो. ती घरं दरसाल त्याची वाट बघतात. "हेच माजं वतन," तो म्हणाला.

धारूरला किल्ल्याच्या वाटेवर एका पाटलानं बोलावलं. गुळपाणी झालं.

"नांदूरघाटच्या विहिरीच्या गाण्याचं लई ऐकलंय, ते म्हण. पोतंभर ज्वारी देतो."

झोळी अर्धीही भरली नव्हती. नाथाच्या घरी चार लेकरं, पुढं सगळा उन्हाळा. मी मनात रामाचं नाव घेत बसलो.

"पाटील, ते त्या घरचं हाय. तुमचं सांगा, तुमच्यासाठी नवं बांधतो."

"मला शिकवतो व्हय बे? ऊठ!"

उठलो. घाट उतरताना न राहवून मी म्हटलं, "पोतं का सोडलंत? सोनाबाईला कळलंही नसतं."

"तिला न्हाई कळलं असतं. पर पुढल्या साली तिच्या घोंगडीवर बसताना मला कळलं असतं की."

परतीच्या वाटेवर मिळालं ते बेताचंच. आष्टीला पोचेपर्यंत मी ती हलकी झोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर करत होतो.

घरी मी सोनाबाईच्या विहिरीच्या गाण्याचं नाव काढलं, तसं बायकोनं विचारलं, "कसं व्हतं ते विहिरीचं गाणं?"

"ते मला म्हणता येणार नाही," मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. ती आत गेली. घोंगडी आणून ओसरीवर अंथरली, सूपभर ज्वारी शेजारी ठेवली आणि दारातल्या गेनानाथाला म्हणाली, "बसा भाऊ. आमच्या घरचं मी सांगते."

तिनं सांगितलं त्यातलं निम्मं मलाही ठाऊक नव्हतं. गेनानाथानं त्याचं गाणं बांधलं. ते इथं लिहीत नाही. ते आमच्या घरचं आहे.